पशुप्रदर्शनातील निवाडा व प्रदर्शन-संस्थेचा कारभार

जनावरांचे प्रदर्शन हा ग्रामीण जीवनातील एक मोठा सोहळा होय. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, साताऱ्याकडील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, अकोले तालुक्यातील राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन ह्या ठिकाणी लांबलांबून शेतकरी आपली निवडक जनावरे घेऊन येतात. झूल, गोंडे, घुंगरमाळा ह्यांनी सजलेली जनावरे पाहून मन प्रसन्न होते. परंतु सोहळा संपल्यावर जी गोष्ट मागे उरते ती म्हणजे परीक्षकाचा निवाडा. ज्या वळूस पहिला क्रमांक मिळतो त्याच्याकडे पंचक्रोशीतील गाई नेल्या जातात. एका वर्षात पन्नास-साठ गाई एकाच वळूकडून फळू शकतात. निवाडा चुकला तर ती चूक वासरांच्या रूपाने पुढील आठ-दहा वर्षे गोठ्यागोठ्यांतून वावरत राहते.

म्हणूनच प्रदर्शन भरविणाऱ्या संस्थेचा कारभार कसा चालतो आणि परीक्षणाचे नियम कोण व कशासाठी ठरवितो, हा प्रश्न पुढाऱ्यांच्या मानापमानाचा नसून जातिवंत पशुधनाच्या भवितव्याचा आहे. महाराष्ट्रातील गाई-बैलांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे 1 कोटी 55 लाख होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 1 कोटी 40 लाखांवर आली. संख्या घटत असताना उरलेल्या जनावरांतून पैदाशीसाठी कोणते राखावयाचे, ह्या निवडीस अधिकच महत्त्व येते.

निवाड्याने जात घडते व बिघडतेही

लंडनच्या स्मिथफील्ड येथे 1799 मध्ये जनावरांचे प्रदर्शन सुरू झाले. त्या काळी इंग्लंडात मांस व चरबी ह्यांना मोठी मागणी होती. प्रदर्शनात अतिशय लठ्ठ जनावरांचे कौतुक होऊ लागले व पशुपालकही बक्षिसासाठी जनावरांना बेसुमार खुराक चारू लागले. पैदाशीची जनावरेही अशीच फुगविली जाऊ लागली, तेव्हा फार लठ्ठ जनावर पैदाशीस निरुपयोगी ठरते अशी टीका जाणत्या लोकांनी वारंवार केली. परीक्षक ज्या गुणास मान देतो तो गुण पशुपालक वाढवीत जातो, हा ह्या इतिहासाचा धडा आहे.

महाराष्ट्रातही असा धोका आहे. खिलार जातीची ख्याती तिच्या चपळाईमुळे, काटक अंगलटीमुळे व कोरडवाहू मुलखात तग धरण्याच्या शक्तीमुळे झाली. परीक्षकाने केवळ पांढरा शुभ्र रंग व धनुष्याकृती शिंगे पाहून क्रमांक दिले, तर पायाने अधू असलेला परंतु दिसण्यात डौलदार असा वळूही पुढे जाईल. डांगी जनावराचे मोल त्याच्या काळ्या, टणक खुरांत व तेलकट कातडीत आहे. कारण सह्याद्रीच्या मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात त्यास राबावे लागते. ते कोरड्या मैदानावर केवळ उंचीने मोजले तर जातीचा खरा गुण नजरेआड होतो. देवणी जातीत वानेरा, बालंक्या व शेवरा असे रंगावरून ओळखले जाणारे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही जातिवंतच होत. ज्या परीक्षकास हे ठाऊक नाही तो एखाद्या उत्तम शेवरा गाईस ठिपके अनियमित म्हणून मागे सारील आणि घरी परतलेला शेतकरी ती गाय विकून टाकील.

लामा-पालकांचे उदाहरण

ह्या संदर्भात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लामा-पालकांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लामा हा उंटाच्या कुळातील, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील प्राणी. तेथील लोक त्यास हजारो वर्षांपासून ओझे वाहण्यासाठी व लोकरीसाठी पाळीत आले आहेत. संयुक्त संस्थानांत तो मुख्यतः हौसेने पाळला जातो. केवळ हौसेचे जनावर म्हटले की प्रदर्शनात रूपालाच सर्व मान मिळावा, अशी अपेक्षा होईल. परंतु तेथील पशुपालकांनी प्रदर्शनांसाठी स्वतःची संस्था उभारून लेखी नियम केले, आणि त्या नियमांत दोन स्वतंत्र विभाग ठेवले. एका विभागात लामाची अंगलट, चाल व निकोपपणा पाहतात. त्यातही लोकरीची लांबी, वय व लिंग ह्यांनुसार गट पाडतात, म्हणजे आखूड लोकरीच्या जनावराची तुलना लांब लोकरीच्या जनावराशी होत नाही. दुसऱ्या विभागात लामास काम करून दाखवावे लागते. पाठीवर ओझे घेऊन चालणे, वाटेतील अडथळे ओलांडणे, अनोळखी माणसांत शांत राहणे अशा कसोट्या त्यास लावतात.

हौसेच्या जनावरासाठी जर कामाची कसोटी आवश्यक मानली जाते, तर ज्या बैलाच्या खांद्यावर कुटुंबाची शेती अवलंबून आहे त्यास उभ्या-उभ्या पाहून क्रमांक देणे कितपत योग्य? ओढकामाच्या जातींच्या प्रत्येक प्रदर्शनात चालण्याची, ओढण्याची व जू घेताना दिसणाऱ्या स्वभावाची परीक्षा असावयास हवी. शंकरपटाचा किंवा शर्यतीचा वेग ही मात्र ह्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना राज्याच्या कायद्यातील दुरुस्तीनंतर डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली व मे 2023 मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तेव्हापासून वेगवान बैलांना चांगला भाव येतो. परंतु क्षणभर वेगाने धावणे व दिवसभर औत ओढणे हे दोन निराळे गुण आहेत.

गुणपत्रक

परीक्षणास लेखी गुणपत्रक हवे व ते प्रदर्शनापूर्वी किमान एक महिना गावोगाव पोहोचले पाहिजे. दुधाळ जातींसाठी अमेरिकेत सर्वमान्य झालेल्या गुणपत्रकात 100 पैकी 40 गुण एकट्या कासेस व 20 गुण मागील पाय व खुरांस दिलेले आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण ज्या अवयवांवर दूध व आयुष्य अवलंबून आहे त्यांना मिळतात. खिलार किंवा डांगी वळूसाठी जातिलक्षणे 20, अंगलट व छाती 25, पाय व खूर 20, चाल व काम 25 आणि स्वभाव 10 अशी विभागणी करता येईल. आकड्यांत स्थानिक गरजेप्रमाणे फेरफार व्हावा. मात्र रंग, शिंगे व वशिंड ह्या सर्वांचे मिळून होणारे गुण पायांच्या गुणांहून अधिक होऊ नयेत.

गट वयानुसार पाडावेत व वय मालकाच्या सांगण्यावरून न लिहिता दात पाहून ठरवावे. आदत, दुसा, चौसा, सहादाती व जुळलेला हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे गट सोयीचे आहेत. पहिले दोन कायमचे दात साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात, ह्यावरून आदत गटात घुसविलेले थोराड जनावर तत्काळ ओळखता येते. कानातील बिल्ल्यावरचा 12 अंकी क्रमांक नोंदवहीत उतरवून घेतल्यास एकाचे जनावर दुसऱ्याच्या नावावर उभे राहणार नाही. दुधाच्या स्पर्धेत आदल्या दिवशी सर्वांसमक्ष कास पूर्ण रिकामी करून त्यानंतरच्या 24 तासांचे दूध मोजावे. कास फुगलेली दिसावी म्हणून धार न काढणे, खूप पाणी पाजून पोट भरविणे, शिंगे बेताबाहेर तासणे, जनावर तेज दिसावे म्हणून त्यास इजा करणे ह्या लबाड्यांबद्दल जनावर बाद करण्याचा नियम असावा. त्यांपैकी कित्येक कृत्ये 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतात.

परीक्षक एक असावा की पाच?

अनेक ठिकाणी परीक्षक मंडळात पाच-सात मान्यवर बसवितात व त्यांच्या गुणांची सरासरी काढतात. ह्यात न्याय होतो असा समज आहे. प्रत्यक्षात जबाबदारी कोणावरच राहत नाही, आणि कोणाचाही विरोध नसलेले मध्यम जनावर पुढे येते. त्यापेक्षा प्रत्येक गटास एकच जाणकार परीक्षक नेमावा. तो त्या तालुक्याबाहेरील असावा व त्याचे स्वतःचे, नातलगांचे अथवा त्याने विकलेले जनावर त्या गटात नसावे. निकाल देताना त्याने रिंगणात उभे राहून, पहिले जनावर दुसऱ्याहून कोणत्या गुणाने सरस व कोणत्या दोषाने उणे, हे सर्वांस ऐकू येईल असे सांगावे. कारणे मोठ्याने सांगावी लागली की पक्षपात कठीण होतो. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या शंभर शेतकऱ्यांस जनावर पारखण्याचे शिक्षण मिळते. पुस्तिका वाटून जे साधत नाही ते ह्या दहा मिनिटांत साधते.

जुन्या जाणत्या शेतकऱ्याची नजर गुणपत्रकात मावत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मुरलेला पारखी वळूची चाल पाहूनच त्याच्या पाठीचा दोष ओळखतो. परंतु अशा पारख्यास गुणपत्रक आड येत नाही. त्यास आपले म्हणणे शब्दांत मांडावे लागते इतकेच. त्याची नजर त्याच्यापाशीच राहिली तर ती त्याच्याबरोबरच जाईल. म्हणून प्रत्येक प्रदर्शनात दोन तरुण शेतकऱ्यांना परीक्षकासोबत उमेदवार म्हणून उभे करावे, त्यांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत व नंतर परीक्षकाच्या गुणांशी ताडून पाहावेत.

गटातील एकही जनावर योग्यतेचे नसेल तर पहिले बक्षीस राखून ठेवण्याचा अधिकार परीक्षकास स्पष्टपणे दिला पाहिजे. ह्यामुळे रोष ओढवेल, तो पत्करावा. नालायक वळूस दिलेले पहिले बक्षीस हे त्याच्या वासरांच्या खरेदीदारांची फसवणूक होय.

संस्थेचा कारभार

नियम चांगले असूनही संस्था मूठभरांच्या हाती गेली तर ते कागदावरच राहतात. प्रदर्शन-संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असावी व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार तिचे हिशेब दरवर्षी तपासले जावेत. वर्गणी, प्रवेश फी, देणग्या व बक्षिसे ह्यांचा जमाखर्च सर्वसाधारण सभेपुढे वाचून दाखवावा. कार्यकारिणीतील जागा आळीपाळीने रिकाम्या व्हाव्यात, म्हणजे अनुभवही टिकेल व मक्तेदारीही होणार नाही. गाई राखणाऱ्या स्त्रियांना व मेंढपाळांना सभासदत्व व मताचा अधिकार असावा. जनावरांची निगा बहुतांशी त्यांच्याच हातून होते.

कार्यकारिणीच्या सभासदांनी आपली जनावरे प्रदर्शनात जरूर आणावीत, परंतु ती केवळ पाहण्यासाठी ठेवावीत, स्पर्धेत उतरवू नयेत. हा नियम कडक वाटेल. गावातील उत्तम जनावरे बहुधा ह्याच मंडळींकडे असतात, त्यामुळे स्पर्धा फिकी पडेल असेही म्हटले जाईल. तरीही परीक्षक ज्याच्या पत्रावरून आला, ज्याच्या घरी जेवला, त्याच्याच बैलास पहिला क्रमांक मिळाला तर तो निवाडा खरा असूनही कोणी खरा मानीत नाही. ज्यास स्पर्धेत उतरावयाचे असेल त्याने त्या वर्षी कार्यकारिणीतून बाजूस व्हावे.

निकालाविरुद्ध तक्रार लेखी असावी, ती त्याच दिवशी द्यावी आणि तिचा निर्णय स्पर्धेत भाग न घेतलेल्या तिघांच्या समितीने ठराविक मुदतीत द्यावा. तक्रार नियमभंगाची असावी. परीक्षकाच्या मताविषयी नसावी. वय चुकीचे लिहिले, बिल्ल्याचा क्रमांक जुळत नाही, परीक्षकाचे नाते लपविले ह्या बाबी तपासण्याजोग्या आहेत.

जनावरांच्या आरोग्याबाबत कोणासही सूट देऊ नये. लंपी त्वचारोगाच्या साथीमुळे 2022 मध्ये राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, हे शेतकरी विसरलेले नाहीत. लाळ-खुरकूत व लंपी ह्यांची लस टोचल्याचा दाखला व पशुवैद्यकाची प्रवेशद्वारावरील तपासणी ह्यांशिवाय अध्यक्षांचेही जनावर आत येता कामा नये.

बक्षीस कशासाठी?

फेटा, ढाल व रोख रक्कम ह्यांनी मालकाचा गौरव होतो, आणि तो व्हावाच. परंतु वळूच्या बक्षिसाची निम्मी रक्कम वर्षभर राखून ठेवावी, व तो वळू गावात पैदाशीसाठी ठेवला आहे आणि त्याच्या वासरांची नोंद झाली आहे असे दिसल्यावर ती द्यावी. त्याचबरोबर वळू व त्याची तीन वासरे असा एक स्वतंत्र गट ठेवावा. वळूचा खरा दाखला त्याच्या संततीत असतो. अंगावरील झुलीत नव्हे.

येत्या हंगामात प्रदर्शन भरविण्याचे ज्या गावांनी योजिले आहे तेथील गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मंडप व मिरवणूक ह्यांच्या आधी नियमांचा मसुदा सभेपुढे ठेवावा. सर्व नियम एकाच वर्षी अंगवळणी पडतील असे नाही. पहिल्या वर्षी दात पाहून वयाचे गट, बाहेरचा एक परीक्षक व त्याने रिंगणात सांगितलेली कारणे एवढे तीन नियम पाळले तरी पुरे. शेतकरी बंधूंनीही प्रवेश फी भरण्यापूर्वी नियमांची प्रत मागून घ्यावी आणि ती मिळत नसेल तर आपला बैल घरीच बांधून ठेवावा.