लेकरू वाचतं की पाठ म्हणतं?



पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी आपण शेतात चक्कर मारतो. उगवण कशी आहे, नांग्या कुठे पडल्या ते पाहतो आणि वेळीच भरून घेतो. लेकराला शाळेत घातल्यावर मात्र अशी चक्कर होत नाही. "गुरुजी बघतील," असे म्हणून आपण मोकळे होतो. पोर पाचवीला गेल्यावर कळते, की त्याला धड वाचताच येत नाही. मग गणिताचे उदाहरणही त्याला उमगत नाही. शाळेला दांड्या सुरू होतात, आणि मुलगी असेल तर ती लवकरच घरी बसते.

'असर' नावाच्या पाहणीत गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात: अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पुस्तकातल्यासारखी गोष्ट. 2024 च्या पाहणीत देशाच्या खेड्यांतील सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे तेवीसच ती गोष्ट वाचू शकली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, म्हणून सरकारने 2021 साली 'निपुण भारत' हा कार्यक्रम काढला. पण नुसत्या शाळेवर हे काम निभायचे नाही.

तुम्ही म्हणाल, "आम्हीच अडाणी, आम्ही काय शिकवणार?" आपल्या मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. आपल्या आजा-पणजांची पाटी कोरी राहिली, यात त्यांचा काय दोष? पण ज्याला वाचता येत नाही, त्याला ऐकता तर येते! लेकराला ऐकणारे माणूस हवे असते.

रोज दिवेलागणीला दहा मिनिटे काढा. चुलीपुढे भाकरी थापता थापता आईने म्हणावे, "वाच बाई, मी ऐकते." मूल ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचील. अडखळले तर रागावू नका. पुन्हा वाचायला सांगा. संपल्यावर विचारा, "मग पुढं काय झालं? तो तसं का वागला?" उत्तर आले, तर ते समजून वाचते आहे.

एक गोष्ट मात्र पारखून घ्या. पुष्कळ मुले धडा घडाघडा म्हणतात, पण ते पाठांतर असते. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा. एसटीवरची पाटी दाखवा: पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव वाचून घ्या. तिथे पाठांतर चालत नाही.

सुरुवात करणाऱ्या मुलाला सगळी मुळाक्षरे एकदम घोटायला लावू नका. फलटणला मॅक्सीन बर्नसन या विदुषींनी वंचित घरांतल्या मुलांना वाचायला शिकवताना वर्णमालेचा ठरलेला क्रम सोडला. थोडी अक्षरे शिकवायची आणि लगेच त्यांचे शब्द करायचे, अशी रीत त्यांनी धरली. तुम्हीही करून पाहा. क, म, ल, न एवढी चार अक्षरे आणि एक काना घ्या. कान, नाक, काका, मामा, लाल, नाला, कमान, कमल असे कितीतरी शब्द निघतात! अंगणातल्या मातीत काडीने लिहा. खर्च काही नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत मुले घोटाळतात, ती अक्षरे जवळजवळ लिहून फरक दाखवायला थोरल्या भावंडाला सांगा.

मुले मुलांकडून किती शिकतात, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले यंत्रमानवाच्या ओढीने चक्क जपानी भाषा शिकू लागली. 2020 च्या टाळेबंदीत धडे फोनवरून येत. ज्यांच्या घरी तसा फोन नव्हता, त्यांना शिकलेली मुले शिकवीत. परकी भाषा अशी पुढे जाते, तर आपली मायबोली का नाही जाणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी जास्त सावध राहावे. ऐन शिकायच्या महिन्यांत मूल फडावर गेले, की शिकलेले विसरते. आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात त्याची सोय होते का, ते निघण्यापूर्वीच गुरुजींना विचारा. नेणे भागच असेल, तर पुस्तक सोबत बांधा आणि कोपीवरही ती दहा मिनिटे चुकवू नका.

महिन्यातून एकदा शाळेत जा. "पोरगं कितवं आलं?" हे नका विचारू. "बाई, माझं लेकरू आता शब्द वाचतं की गोष्ट वाचतं?" असे विचारा. असा प्रश्न विचारणाऱ्या आईबापाच्या मुलाकडे शाळेचेही लक्ष राहते.

आज रात्रीच लेकराला हे पान वाचायला द्या. कुठे अडते, ते तुम्हाला तिथेच कळेल.