जुनी यंत्रे आणि मधला दुभाषी

मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशासमोर पडदा नवा असतो. परंतु त्या पडद्यामागे जागा देणारी व प्रतीक्षायादी लावणारी यंत्रणाही तितकीच नवी असेल, असे नाही. भारतीय रेल्वेची आरक्षण-व्यवस्था इटॅनियम जातीच्या संगणकांवर व ‘ओपनव्हीएमएस’ या कार्यप्रणालीवर चालते आणि तिचे हे रूप २०१० सालचे आहे, असे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. त्या कार्यप्रणालीचा जन्म १९७७ सालचा. तिची जनक डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅककडे व कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे गेली. इटॅनियमचा पुरवठाही २०२१ मध्ये थांबला. तरीही २००२ पासून इंटरनेटवरचे आणि पुढे मोबाइलवरचे तिकीट याच व्यवस्थेच्या आधारे निघत आले. हे कसे साधले, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

याचे उत्तर मधल्या दुभाष्यात आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांना जोडणाऱ्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीत ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ नावाची आज्ञावली वापरली गेली. मुंबईच्या खिडकीवरील कारकुनाला चेन्नईच्या नोंदींतील जागा हवी असेल, तर त्याची मागणी संदेशरूपाने या मध्यस्थाकडे जाते. तो ती योग्य संगणकाकडे पोहोचवितो आणि एक संगणक बंद पडल्यास दुसऱ्याकडे वळवितो. संपूर्ण व्यवहार पुरा झाला तरच तो पक्का होतो. एरवी काहीच झाले नाही, असे धरले जाते. वाटेत तार तुटली म्हणून एकच जागा दोघांना मिळू नये, ही हमी या शिस्तीतून येते. शिवाय हा मध्यस्थ ओपनव्हीएमएस, युनिक्स व विंडोज अशा भिन्न प्रणालींवर चालतो. त्यामुळे बोलणाऱ्या दोन यंत्रांना एकमेकांची भाषा येण्याची गरज उरत नाही.

परंतु या सोयीतच धोकाही दडलेला आहे. दुभाषी चोख असला, की पलीकडे कोण बसले आहे, याचा विसर पडतो. दर्शनी भागावर खर्च होतो, कारण तो दिसतो. गाभा चालतो आहे, म्हणून त्याकडे पाहिले जात नाही. कॉन्सर्टसारख्या प्रणालीच्या आज्ञावली फोरट्रान व सी या भाषांत लिहिलेल्या आहेत. कोटा, सवलती, प्रतीक्षायादी यांचे नियम कागदावर असतात हे खरे. पण त्यांचा परस्परांशी मेळ कसा बसतो, हे त्या आज्ञावलींत आणि त्या सांभाळणाऱ्यांच्या अनुभवात असते. अशी माणसे निवृत्त झाली, की यंत्र उरते आणि त्याचे ज्ञान जाते.

मग सारे एकदम बदलावे काय? ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती पाहता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. जुने टाकणे हे नवे उभारण्याइतकेच कठीण काम आहे, हा त्यातील बोध.

रेल्वेने आरक्षण-प्रणालीच्या आमूलाग्र पुनर्रचनेचे काम हाती घेतले, हे योग्यच झाले. जिचे सुटे भाग दुर्मिळ होत जाणार, अशा यंत्रणेवर लाखो प्रवाशांचा भार कायम ठेवणे शहाणपणाचे नव्हे. मात्र मधल्या दुभाष्याचा खरा उपयोग येथेच आहे. संदेशांचे स्वरूप तेच ठेवले, तर पलीकडील जुने काम एकेक करून नव्या यंत्रावर नेता येते आणि खिडकीवरील कारकुनाला त्याची झळ लागत नाही. त्यासाठी जुन्या जाणकारांकडून प्रत्येक नियमाची लेखी नोंद करून घेणे आणि तरुण तंत्रज्ञांना त्यांच्या शेजारी बसविणे अगत्याचे आहे. यंत्रे विकत मिळतात. चाळीस वर्षांचा अनुभव विकत मिळत नाही.