वाघीण यवतमाळची, चित्रपट बालाघाटचा. मत कोणत्या भाषेत?

मालिका आणि चित्रपटांतील पात्रांवर वाद घालणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे आपल्याकडे अजूनही मानले जाते. आम्हाला ते मान्य नाही. पडद्यावरच्या आमदाराला नावे ठेवणारा माणूस बहुधा आपल्या गावच्याच राजकारणाविषयी बोलत असतो. खऱ्या पुढाऱ्याविषयी चारचौघांत बोलणे परवडत नाही, तेथे पडद्यावरचा पुढारी कामी येतो. सीमाभागात या प्रकाराला भाषेचा आणखी एक पदर आहे. त्याकडे सुज्ञ वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमित मसुरकर यांचा 'शेरनी' हा हिंदी चित्रपट जून २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. त्याचे चित्रीकरण आपल्या बालाघाटच्या जंगलातही झाले. त्यामुळे आमच्याकडच्या गावांत तो मोबाईलवर, एका फोनभोवती चौघे बसून पाहिला गेला. विद्या बालन यांनी रंगवलेली वनाधिकारी विद्या व्हिन्सेंट माणसे मारणाऱ्या टी-१२ या वाघिणीला जिवंत पकडू पाहते. निवडणूक तोंडावर आलेले आमदार जी. के. सिंह आणि माजी आमदार पी. के. सिंह त्या वाघिणीचे भांडवल करतात, आणि शेवटी शिकारी पिंटू भैया तिला गोळी घालतो. ही कथा पाहताना अनेकांना यवतमाळ जिल्ह्यातील अवनी आठवली. पांढरकवड्याच्या परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली, दोन बछड्यांची ही आई २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात मारली गेली. तिच्यासाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तिच्या मृत्यूनंतर केंद्रातील मंत्री व राज्याचे वनमंत्री यांच्यातच जाहीर वाद झाला होता.

म्हणजे घटना घडली मराठी मुलखात, चित्रपट निघाला हिंदीत आणि त्याचे जंगल आमचे. यात कुणाची तक्रार नाही. हिंदी चित्रपटातली माणसे हिंदीच बोलणार. प्रश्न आहे तो पाहणाऱ्याचा.

चित्रपट पाहून लोक काय म्हणाले ते आम्ही मुद्दाम टिपत होतो. दोन्ही सिंहांत डावे-उजवे करायला कुणी तयार नव्हते. एका वृद्ध धानकऱ्याने म्हटले, "वाघीण मेली तरी ह्याचं भागते, जगली तरी त्याचं भागते." पिंटू भैयावर तरुण पोरे खूश होती, हे येथे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. शायरी ऐकवणाऱ्या बन्सलसाहेबाला सगळे हसले, पण कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्यांना तो परका वाटला नाही. सर्वात नेमके बोलली ती मोहफुले व तेंदूपत्ता वेचायला जाणारी एक बाई. तिचे म्हणणे असे की, चराईची जागा लागवडीखाली गेली म्हणून ढोरे आत न्यावी लागतात, ही गोष्ट चित्रपटात आली आणि गेली. तिच्या लेखी चित्रपट तेथेच होता, बाकीची सगळी धावपळ. आम्ही अनेक परीक्षणे वाचली. विद्याच्या संयत अभिनयाची आणि व्यवस्थेच्या निगरगट्टपणाची चर्चा त्यांत भरपूर होती. चराईच्या जागेवर त्या बाईइतके थांबून बोललेले परीक्षण आमच्या तरी वाचनात आले नाही.

हे मत तिने मराठीत दिले. मराठीत म्हणजे पोवारी मिसळलेल्या आपल्या मराठीत. तेच हिंदीत सांगायला सांगितले असते तर?

शाळेत आम्ही हा अनुभव वारंवार घेतो. याच चित्रपटावर मुलांना हिंदीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेक वह्यांत एकच मजकूर आला: वन्य प्राणी आमची संपत्ती आहेत, पर्यावरणाचे रक्षण करणे आमचे कर्तव्य आहे, इत्यादी. व्याकरण शुद्ध, अक्षर वळणदार. पण त्यातलेच एक पोरगे मधल्या सुट्टीत सोबत्याला घरच्या बोलीत सांगत होते की, बाई बरोबर होती पण साहेब लोकांसमोर तिचे चालले नाही, म्हणून तिची बदली झाली. आमच्या काकाचीही अशीच झाली. राजकारणाची ही समज त्याच्या वहीत कोठेच नव्हती. शाळेची भाषा त्याला निबंधापुरती आली आहे, भांडणापुरती नाही. आणि घरची भाषा लिहायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

असे होण्यास इतिहास आहे. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. सीमेचा काही भाग ज्या नदीने आखला तिचे नावही वाघ नदी, हा एक योगायोग. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. आमच्या निवेदनांत हा अनुच्छेद इतक्यांदा आला आहे की टंकलेखकाला तो पाठ झाला असेल.

मात्र येथे आपल्याच मंडळींना चार शब्द ऐकवले पाहिजेत. मसुरकर यांचाच 'न्यूटन' (२०१७) ज्यांनी पाहिला, त्यांना छत्तीसगडच्या जंगलातील मतदान केंद्रावरची स्थानिक शिक्षिका मल्को आठवत असेल. ती भूमिका नाशिकच्या अंजली पाटील यांनी केली आहे. निवडणूक अधिकाऱ्याला जनतेचे मत हवे आहे, पण गोंडी त्याला कळत नाही. ते काम मल्कोवाचून अडते. आपल्या बैहरकडच्या गोंड व बैगा मुलांपुढे हिंदी जितकी परकी, तितकीच आपली मराठीही परकी आहे. आपली मागणी मांडताना त्यांना मराठीच्या गणतीत ओढण्याचा मोह काहींना होतो. तो आम्हाला अप्रामाणिक वाटतो. मातृभाषेचा हक्क मागणाऱ्याने शेजाऱ्याची मातृभाषा आधी विचारावी.

काही मित्र म्हणतात, मराठीत राजकीय चित्रपट कमी आहेत का? 'सामना' आहे, 'सिंहासन' आहे. आहेत, आणि थोर आहेत. परंतु साखर कारखान्याचा हिंदुराव धोंडे पाटील आमच्या धानाच्या बांधीत कोठून उगवणार? आमचा पुढारी तेंदूपत्त्याच्या फडात, धानखरेदी केंद्रावर आणि खाणीच्या फाटकाशी भेटतो. त्याला ओळखायला पुण्या-मुंबईच्या पडद्यापेक्षा पलीकडच्या झाडीपट्टीचे नाटक जवळचे आहे. मंडईच्या दिवसांत आमची माणसे सीमा ओलांडून रात्रभर ते पाहतात आणि परतताना वाटभर त्यातल्या खलनायकावर तावातावाने बोलतात. त्या बोलण्याची भाषा आजही तीच आहे.

म्हणून समितीच्या मागच्या बैठकीत आम्ही एक साधी सूचना मांडली. शासन मराठी शिक्षक देईल तेव्हा देईल. त्यासाठीचा पाठपुरावा चालूच राहील. तोवर दर महिन्याला एका गावात, शाळा सुटल्यावर, एक चित्रपट किंवा मालिकेचा एक भाग दाखवावा आणि मुलांकडून व त्यांच्या आईबापांकडून पात्रांविषयीची मते घरच्या बोलीत लिहून घ्यावीत. शुद्धलेखन तपासू नये. सूचनेला दोघांनी विरोध केला, त्यांच्या मते हे समितीच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. बाकीच्यांनी ती मान्य केली. पहिली बैठक मंडईच्या आठवड्यात ठेवली आहे आणि चित्रपट अर्थातच 'शेरनी' आहे. ज्या वाचकांना तो पाहून पिंटू भैयाची बाजू घ्यायची असेल त्यांनीही अवश्य यावे. त्या बाईला आम्ही मुद्दाम बोलावले आहे.