वेताळाचा प्रश्न आणि वाचकाचे उत्तर

वाचन ही चांगली सवय आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु मुलांनी काय वाचावे, असा प्रश्न निघाला की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मुलांनी चांगल्या कादंबऱ्या वाचाव्यात, चित्रांच्या पुस्तकांत वेळ दवडू नये. दुसरा पक्ष म्हणतो, मुलगा निदान चित्रकथा तरी हाती धरतो, एवढ्यावरच समाधान मानावे. पहिल्या घरातील मुले चित्रकथा दप्तरात लपवून वाचतात आणि दुसऱ्या घरातील मुले चित्रकथेच्या पलीकडे कधी जातच नाहीत. माझ्या मते दोन्ही घरांतील मुलांचे नुकसान होते. पुस्तक जाड आहे की पातळ, त्यात चित्रे आहेत की नुसती अक्षरे, यावरून वाचनाची योग्यता ठरत नाही. वाचकाने त्या पुस्तकाला काय उत्तर दिले, यावरून ती ठरते.

पुस्तकाला उत्तर द्यायचे म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी आपल्या ओळखीच्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी आठवा. राजा विक्रम झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. त्या प्रेतातील वेताळ वाटेत त्याला एक गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार, अशी अट असते. 1952 साली मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ मासिकातून या गोष्टी महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी वाचल्या. ते मासिक आता निघत नाही. परंतु त्या गोष्टींतील मर्म जुने झालेले नाही. गोष्ट ऐकून झाली म्हणजे काम संपले नाही, ऐकणाऱ्याने विचार करून बोलले पाहिजे, हे ते मर्म होय. प्रत्येक चांगले पुस्तक वेताळासारखेच असते. ते गोष्ट सांगते आणि प्रश्न विचारते. मात्र हा प्रश्न बहुधा कोठे छापलेला नसतो. तो वाचकाला स्वतः ऐकावा लागतो.

आता कादंबरीचा विचार करू. आज वडील मंडळी मुलांना आग्रहाने कादंबऱ्या वाचायला सांगतात. परंतु एके काळी कादंबरीकडेही संशयाने पाहिले जात असे. ‘कादंबरी’ हे नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथावरून आले. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर कादंबऱ्या वाढू लागल्या, तेव्हा ‘कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात’ असे म्हणणारे लोक थोडे नव्हते. कादंबरीने आपला मान वाद घालून नव्हे, तर कामाने मिळवला. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू नावाची मुलगी त्यात आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. लहानपणी लग्न झालेल्या आणि पुढे विधवा झालेल्या स्त्रीचे दुःख वाचकांपुढे उभे राहिले. त्या कादंबरीचे नावच एक प्रश्न आहे, हे तुमच्या ध्यानात आले का? साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’. परंतु त्याने वाचकाला विचारलेला प्रश्न असा की, ज्याचे उत्तर केवळ करमणुकीने देता येत नाही.

चित्रकथेचेही असेच आहे. चित्रांनी गोष्ट सांगणे ही परदेशातून आलेली चैन आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत पिढ्यान्पिढ्या चित्रकथी ही कला जपत आले आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीने गात गात कथा सांगायची, अशी ही रीत आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. छापील चित्रकथांत अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ ही माला प्रसिद्ध आहे. ज्या देशात चित्रकथीपुढे थोर माणसेही मांडी घालून बसत, त्या देशातील मुलाने चित्रकथा लपवून का वाचावी?

हल्ली मुलांच्या हातात जपानी चित्रकथाही दिसतात. त्यांना ‘मांगा’ म्हणतात. होकुसाई या थोर जपानी चित्रकाराच्या रेखाटनांचा संग्रह 1814 सालापासून याच नावाने निघू लागला होता. जपानी मांगाचे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तेथे लहान मुलांप्रमाणेच मोठी माणसेही मांगा वाचतात, आणि पुष्कळ मांगा आपट्यांच्या कादंबरीप्रमाणेच साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध होतात. त्यांत निव्वळ मारामारीच्या कथा आहेत, तशाच गंभीर कथाही आहेत. ओसामू तेझुका या चित्रकाराने तर भगवान बुद्धांच्या जीवनावर 1972 ते 1983 अशी अनेक वर्षे एक दीर्घ मांगा लिहिली.

यांपैकी एका मांगाविषयी थोडे सविस्तर सांगतो. 6 ऑगस्ट 1945 रोजी जपानमधील हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकण्यात आला. केजी नाकाझावा तेव्हा सहा वर्षांचा मुलगा होता. शाळेच्या भिंतीचा आडोसा मिळाल्यामुळे तो वाचला. परंतु त्याचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून गेले. मोठेपणी तो चित्रकार झाला. 1966 साली त्याची आई वारली, तेव्हा आपण जे पाहिले ते जगाला सांगितलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. 1973 पासून त्याने ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही मांगा लिहिण्यास आरंभ केला. गेन हा त्यातील लहान मुलगा. त्याचे वडील मुलांना शेतातल्या गव्हाचे उदाहरण देतात. पायांखाली तुडवला तरी गहू पुन्हा उभा राहतो, तसे तुम्ही व्हा, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. पुढे शहर जळते, घर जाते, माणसे जातात. आणि गेनला खरोखरच त्या गव्हासारखे उभे राहावे लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीने ही मांगा इंग्रजी भाषांतरातून वाचली आणि आपल्या वाचनाच्या वहीत लिहिले, “इतिहासाच्या पुस्तकात मेलेल्यांचा आकडा असतो. येथे मला त्यांचे चेहरे दिसले. पण ज्यांनी बाँब टाकला, त्यांच्या घरीही मुले होती ना?” हे तिचे उत्तर होते, आणि त्या उत्तरात नवा प्रश्नही होता. चित्रे पाहणाऱ्या मुलांची बुद्धी आळशी होते, असे म्हणणाऱ्यांनी या दोन ओळींचा विचार करावा. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधे कोरी जागा असते. एका चौकटीत मुलगा धावत असतो, पुढच्या चौकटीत तो गुडघे टेकून बसलेला असतो. मधे काय घडले, ते चित्रकार काढत नाही. ते वाचकाने आपल्या मनात काढायचे असते.

मग कादंबरी कशाला वाचावी? कारण अक्षरांना जे साधते, ते चित्रांना साधत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. ती आपल्या शेजारच्या माणदेशातली आहे. एक तरुण शिक्षक पहाटेच्या अंधारात पायी चालत धनगरांच्या एका लहानशा वाडीत शिकवायला येतो. वाडीचा म्हातारा कारभारी, इतर धनगर, त्यांची मेंढरे, सर्वांनी मिळून बांधलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळ पडल्यावर मेंढरे घेऊन गाव सोडून जाणारी माणसे, एवढीच ही कथा. माडगूळकर स्वतः चित्रेही उत्तम काढत. तरीसुद्धा वाडीची माती, उन्हाचा ताप आणि माणसांच्या मनातील अबोल माया त्यांनी शब्दांनी उभी केली. हे सारे पाहण्यासाठी वाचकाला आपल्या मनातील रंग वापरावे लागतात. शिवाय शिक्षकाच्या मनात हळूहळू होणारा बदल शंभराहून अधिक पानांची सोबत केल्याशिवाय कळत नाही. एवढा धीर धरायला कादंबरी शिकवते.

या पुस्तकावर एका मुलाने लिहिले होते, “यात लढाई नाही, चोर पकडणे नाही, म्हणून मला पहिली वीस पाने कंटाळा आला. नंतर वाटले, आमच्या आजोबांचे गाव असेच असेल. शेवटी वाडी ओस पडली, तेव्हा पुस्तक मिटवले नाही, तसेच धरून बसलो.” कंटाळा आला, हे लिहायला त्याने संकोच केला नाही, म्हणूनच पुढच्या ओळीवर माझा विश्वास बसला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्वच चित्रकथा चांगल्या असतात, असे मी म्हणत नाही. आणि सर्वच कादंबऱ्याही चांगल्या नसतात. ज्या पुस्तकात एक मारामारी संपताच दुसरी सुरू होते आणि मिटल्यावर मनात काहीच उरत नाही, त्याने प्रश्नच विचारलेला नसतो. अशी पुस्तके क्वचित गंमत म्हणून वाचावीत. परंतु शेंगदाण्यांच्या मुठीवर कोणाचे जेवण होत नाही. त्याचप्रमाणे जो मुलगा केवळ चित्रकथाच वाचतो, त्याला मी म्हणेन, एक पाऊल पुढे टाक. आणि जो केवळ कादंबऱ्याच वाचून चित्रांना हसतो, त्याला म्हणेन, जरा मागे वळून पाहा. ताटात भाकरी हवी, तशी कालवण-चटणीही हवी.

परंतु वाचनातील खरी अडचण निवडीची नसून धैर्याची आहे. एखाद्या पुस्तकाविषयी विचारले की पुष्कळ मुले ‘छान आहे’ एवढेच म्हणतात, किंवा गुरुजींना काय आवडेल याचा अंदाज घेऊन तेच सांगतात. हे उत्तर नव्हे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघरी पूज्य मानले जाते. श्याम पोहायला जायला भितो म्हणून आई त्याला मारते, असा एक प्रसंग त्यात आहे. त्यावर वर्गात बोलताना एक मुलगा म्हणाला, “आईचे हे मला पटले नाही. मारून भीती जात नाही.” काही मुले त्याच्यावर रागावली. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, “मारणे मलाही आवडले नाही; पण आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, म्हणून तिचा जीव तुटत होता. ते मारणाऱ्या हातामागचे मन पाहा.” दोघांनीही पुस्तक मन लावून वाचले होते आणि दोघांनीही कारण देऊन उत्तर दिले. थोर पुस्तकाचा मान मान डोलावण्याने राहत नाही. त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलण्याने राहतो.

आमच्या वेळापुरास आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामास असते. कीर्तनकार निरूपणासाठी अभंग घेतो तेव्हा पाहा. अभंग तोच, पण एक कीर्तनकार त्यातून एक अर्थ उलगडतो आणि दुसरा दुसरा. ऐकणारा वारकरी दोघांनाही नमस्कार करतो आणि वाटेने चालताना आपल्या मनाशी तिसरा अर्थ जुळवतो. अक्षरओळख नसलेली माणसेही पिढ्यान्पिढ्या असे उत्तर देत आली आहेत. मग शाळेत जाणाऱ्या मुलांना ते अवघड का वाटावे?

उद्या तुम्ही मोठे व्हाल. वर्तमानपत्रे, जाहिराती, सभांतील भाषणे आणि हातातल्या पडद्यावरून येणारे असंख्य निरोप तुम्हाला सांगतील, हे चांगले, ते वाईट. याला डोक्यावर घ्या, त्याला झिडकारा. ज्याला लहानपणापासून ‘मला हे पटले, कारण…’ आणि ‘मला हे पटले नाही, कारण…’ असे म्हणण्याची सवय आहे, तो कोणाच्याही मागे आंधळेपणाने जाणार नाही. ज्याने नेहमी दुसऱ्याचेच उत्तर उसने घेतले, त्याला तेव्हाही उसनेच घ्यावे लागेल.

म्हणून मुलांनो, एक लहानशी वही करा. कादंबरी असो, चित्रकथा असो वा मांगा असो, पुस्तक संपले की त्या वहीत तीनच गोष्टी लिहा: या पुस्तकाने मला काय विचारले? माझे उत्तर काय? आणि असे उत्तर मी का देतो? चार ओळी पुरेत. ती वही गुणांसाठी नाही. वर्षभराने ती उघडून पाहा. काही उत्तरे तुम्हाला तेव्हा बदलावीशी वाटतील. ती खुशाल बदला; मात्र जुनी उत्तरे खोडू नका, नवी त्यांच्या खाली लिहा.