खेळ आणि जुगार

आमच्या पेडणे-डिचोली भागात देवळाच्या चौकात चार वडीलधारी माणसे जमली, की भजनाला आरंभ होण्यापूर्वी एक पाठ हल्ली हटकून म्हटला जातो. तो मोबाईलनिंदेचा. ‘वकीलबाब, ह्या मोबायलान आमचीं भुरगीं इबाडलीं,’ असे कोणीतरी म्हणतो. दुसरा मान डोलावतो. तिसरा आपल्या खिशातला मोबाईल काढून, तेवढ्यात आलेला संदेश वाचून, पुन्हा आत ठेवतो आणि सुस्कारा सोडतो. वयाने मोठ्या माणसांसमोर त्या वेळी आम्ही मौन धरतो. परंतु छापील पानावर ते मौन पाळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच इसम उभा केला गेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आज मांडावयाचे आहे.

आम्ही यंत्राचे भोक्ते आहोत, हे प्रथमच सांगून टाकतो. वयाची चाळिशी उलटल्यावरही रात्री खटल्याचे कागद बाजूस सारून तासभर संगणकावर खेळावयास बसतो, आणि त्यात आम्हांस लाज वाटण्याजोगे काही दिसत नाही. आमच्या शेजारचे सद्‌गृहस्थ तोच तास दूरचित्रवाणीवरील सासू-सुनांच्या कलहात घालवितात. त्यांस कोणी बिघडलेले म्हणत नाही. गोमंतकीय तरुणास यंत्राचे वेड मोबाईलने लावले, हेही खोटे. नरकचतुर्दशीपूर्वी महिनाभर वाड्यावाड्यांवर जे नरकासुर उभे राहतात, त्यांचे डोळे फिरविणारी, हात हलविणारी मोटार कोण बसवितो? शिगम्याच्या चित्ररथावरील हलते देखावे कोण करतो? कोठल्याही तंत्रविद्यालयाची पायरी न चढलेली ही मुले जुन्या मोटारींचे सुटे भाग जोडून जे करतात, ते पाहून आम्ही थक्क होतो. तीच मुले हातात खेळाचे यंत्र घेऊन बसली, की मात्र वाया गेली!

सन २०१९ च्या आरंभी गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनी पब्जी हा खेळ घरोघरी शिरलेला राक्षस झाला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने तो खेळ इतर ११७ ॲपांसह बंद केला. आमच्या मंडळींस वाटले, मुलांचे कल्याण झाले. वस्तुतः ती बंदी देशाच्या सुरक्षिततेसाठी आणि नागरिकांच्या माहितीच्या रक्षणासाठी होती. मुलांच्या अभ्यासाचा तिच्याशी संबंध नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नाव धारण करून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. या चार वर्षांच्या येण्याजाण्यात, मूल रात्री दोन वाजेपर्यंत जागे का असते, हा प्रश्न घरात कोणी विचारला असेल, तर तो आमच्या कानी आला नाही. राक्षसाचे नाव घेतले, की गृहकर्तव्य संपले.

खेळाविषयी असा तिटकारा आमच्या परंपरेत तरी कोठे आहे? जुन्या लेण्यांत आणि देवळांच्या फरसबंदीवर कोरलेले पट आजही दिसतात. ज्या मोक्षपटाचे पुढे सापशिडीत रूपांतर झाले, त्याचे जनकत्व मराठी परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. पूर्वजांनी जपून वागावयास सांगितले ते खेळापासून नव्हे, पणापासून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जो जुगारी रडतो, तो घरदार आणि बायको गमावून रडतो. सभापर्वात धर्मराजाच्या हातून जे घडले, त्यातील दोष फासे टाकण्यात नव्हता. पणास काय लावले, यात होता. दशावतार पाहत वाढलेल्या पेडणेकरांस ही गोष्ट आम्ही सांगावी, असे नाही.

आता कायद्याकडे वळू. तो आमचा धंदा आहे. इंग्रजांच्या १८६७ च्या जुगारविषयक कायद्यानेही निव्वळ कौशल्याच्या खेळांस वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात, जुगार हा व्यापार म्हणून राज्यघटनेचे संरक्षण मागू शकत नाही, असे ठरविले. १९६७ साली सत्यनारायण खटल्यात, पत्त्यांतील रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे म्हटले. या दोन निर्णयांमधील फटीतून पुढे मोबाईलवरील पैशाच्या खेळांचा अवाढव्य धंदा उभा राहिला. क्रिकेटपटूंचे चेहरे लावून, ‘हे कौशल्य आहे’ अशी ग्वाही देत, त्याने तरुणांच्या खिशात हात घातला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास शिक्षा सांगितली नाही, आणि स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्स व साधे करमणुकीचे खेळ यांना उलट मान्यता दिली. कंपन्यांनी या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले, ते अपेक्षितच होते. कायद्याच्या कलमांविषयी आमचे काही आक्षेप आहेत. पण त्याने खेळ आणि पण यांच्यात जी रेघ ओढली, ती योग्य जागी ओढली, असे आम्ही मानतो.

मग गोव्यात ती रेघ कोठे गेली? आमचा सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घुसविण्यात आले. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगारास त्याने परवानगी दिली. १९९६ मध्ये समुद्रातील जहाजांवरील टेबलांसही दिली. वाचकांनी त्या कलमाची भाषा पाहावी. नाणे टाकून नशीब अजमावण्याच्या यंत्रास तेथे ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’ असे गोंडस नाव आहे! आमच्या मुलाच्या हातातील यंत्र राक्षस ठरले, आणि सरकारला शुल्क भरणारे यंत्र करमणूक ठरले. समुद्रातील म्हणून ज्यांना परवाना, ती जहाजे मांडवी नदीत, पणजीच्या समोर, दिवे लावून उभी. हा भूगोल आम्हांस शाळेत शिकविला गेला नव्हता. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस तेथे प्रवेश बंद करण्यात आला. म्हणजे हे विष आहे, हे सरकार जाणते. फक्त ते पाहुण्यास वाढावयाचे. धारगळ येथे करमणूकनगरी आणि तीत कॅसिनो, असा प्रस्ताव आला, तेव्हा पेडण्यात जो संताप उसळला, तो यथार्थ होता. त्याच तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटी होणार, म्हणून कित्येक वर्षे नुसते ऐकत आलेल्या तरुणास, यंत्र बनविण्याच्या कारखान्याआधी यंत्रावर जुगार खेळविणारा कारखाना दारात येताना दिसावा, यापरते दुर्दैव कोणते?

परंतु सरकारला बोलणे सोपे आहे. आता जे लिहितो, ते आपल्याच मंडळींविषयी आहे, आणि ते गोड लागणार नाही. आमच्या जत्रांत काय चालते? पालखी निघते, आरती होते, दशावतारी रंगपटावर संकासुर येतो, आणि मांडवापासून हाकेच्या अंतरावर जनरेटरच्या उजेडात जुगाराचे पट मांडलेले असतात. त्यांभोवती उभी असलेली बारा-चौदा वर्षांची मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत, आणि ती हातात मोबाईल घेऊन नव्हे, तर नोटा घेऊन उभी होती. फेरीच्या जागेची पावणी होते. त्या पावणीत कोण किती बोली करतो आणि खाजे-लाडवांच्या दुकानास न परवडणारी रक्कम कोणास परवडते, हे सर्वांस ठाऊक असते. कोणी विचारले, तर उत्तर मिळते, ‘देवाच्या कार्याक पयशे लागतात.’ पैसे लागतात, हे खरे. पण उद्या एखाद्या ॲपवाल्याने गाभाऱ्याच्या जीर्णोद्धारास देणगी देऊन सभामंडपात आपले फलक लावू म्हटले, तर हीच मंडळी संस्कृतीच्या नावाने रस्त्यावर उतरतील. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! काही गावांनी हा प्रकार बंद केला, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. जेथे चालू आहे, तेथील महाजनांना मोबाईलनिंदेचा अधिकार उरलेला नाही.

याचा अर्थ यंत्र विकणारे साव आहेत, असा मात्र कोणी काढू नये. उलट, खेळाचे आम्ही भोक्ते आहोत, म्हणूनच त्या व्यापाऱ्यांवर आमचा राग अधिक आहे. आणि निंदकांस या लबाड्या ठाऊकच नाहीत, हे आमचे दुसरे दुःख. खेळ ‘फुकट’ द्यावयाचा आणि आत बंद पेटी विकावयाची. पेटीत काय आहे, ते पैसे दिल्यावर कळणार. दहा वेळा पोशाखाची चिंधी आणि एखाद्या वेळी मोठे हत्यार. जिंकलेल्यास रोख पैसे मिळत नाहीत, म्हणून हा जुगार नव्हे, असे कंपन्या म्हणतात. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने हा युक्तिवाद २०१८ मध्ये झुगारून, अशा पेट्यांस जुगार ठरविले. आमच्या २०२५ च्या कायद्याच्या जाळ्यात ही पेटी सापडते की निसटते, यावर वाद करता येईल. सापडावी, अशी आमची इच्छा आहे.

आमच्याकडे पेडणे तालुक्यातील एक गृहस्थ आले होते. चतुर्थीसाठी खात्यात ठेवलेले पैसे मुलाने अशा पेट्यांत घालविले होते. मुलाने आडवे-तिडवे काहीच केले नव्हते. बापाचा मोबाईल, त्यात कायमचा नोंदविलेला बँकेचा तपशील, आणि पडद्यावर ‘मान्य आहे’ असे एक बटण. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात ठरविले. आमच्या कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे जाणतो. त्या कंपनीने पत्रांस उत्तर दिले ते यंत्राकरवी, आणि त्या उत्तरात आमच्या प्रश्नाशिवाय सर्व काही होते. बापाने मुलास मारले. मोबाईलमधील बँकेचा तपशील मात्र आम्ही सांगेपर्यंत तसाच होता.

दुसरी लबाडी याहून खोल आहे, आणि गोव्याच्या वकिलास ती विशेष खटकते. बटणावर लिहिलेले असते ‘विकत घ्या’. बारीक अक्षरांत असते, की आपण काहीही विकत घेतलेले नाही, केवळ वापरण्याची अनुज्ञा घेतली आहे, आणि ती केव्हाही परत घेता येईल. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या ऑर्वेलच्या कादंबऱ्या त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रणा बंद करताच सर्वांच्या घरी एकाच दिवशी मेला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्यास हे सत्य ग्राहकास स्पष्ट सांगावे लागते; सांगितले, म्हणजे लबाडी संपली, असे नव्हे.

आमच्या कोमुनिदादीच्या जमिनीचा आफ्रामेंतदार वार्षिक फोर भरी. जमिनीचे मूळ स्वामित्व त्याचे नव्हते. तरीही त्याचा उपभोगाचा हक्क वारसांकडे जाई, विकताही येई. मुंडकारास १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावता येत नाही. रोख पैसे मोजून खेळ घेणारा मात्र आफ्रामेंतदारही नाही आणि मुंडकारही नाही. तो भाटकाराच्या मर्जीवर पडवीत निजलेला वाटसरू आहे. गोव्यात माणूस वारला, की इन्व्हेंटरीत सोन्याच्या पाटल्यांपासून तांब्याच्या भाणापर्यंत सर्व मालमत्ता लिहिली जाते, आणि विवाहाच्या सामायिक मालमत्तेत पत्नीचा अर्धा हिस्सा असतो. मग वीस वर्षांत जमविलेल्या शेकडो खेळांचे काय? मोठ्या दुकानदारांच्या अटींनुसार खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, मृत्युपत्रानेही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी आपला अर्धा वाटा आम्हांस दानच करून टाकला आहे; पण न्यायाच्या दृष्टीने प्रश्न उरतोच.

पावसाळ्यात फणसाची फांदी तारेवर पडून वीज जाते, विजेपाठोपाठ जाळे जाते, आणि एकट्याने खेळावयाचा, घरच्या यंत्रात साठविलेला खेळही दूरच्या मालकाची अनुमती मिळत नाही म्हणून उघडत नाही. याविषयी लिहू लागलो, तर संपादक पाने कापतील. असो.

पुण्याच्या एका संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ काढला. दुर्गेच्या कृपेने असुरांशी लढणाऱ्या मुलीची ती कथा जगभर खेळली गेली. आमच्या पेडण्याच्या पुनवेस रवळनाथ-भूतनाथाची जी कथा आजी सांगते, एका रात्रीत देऊळ बांधून मागणाऱ्या देवाची, तिच्यावर असा खेळ आमच्या नरकासुर बांधणाऱ्या मुलांनी का करू नये? कोकणी बोलेल, मराठी बोलेल, असा. देवस्थानाकडे सभागृह असते, सुट्टीत ते रिकामे असते, आणि चार संगणकांचा खर्च जत्रेतील आतषबाजीहून फार नसावा.

पुढील जत्रांच्या पावण्या लवकरच होतील. महाजनांच्या आमसभेत दोन ठराव मांडता येतात: फेरीची जागा जुगारास दिली जाणार नाही, आणि दिल्याचे आढळल्यास अनामत जप्त होईल, तसेच सुट्टीत सभागृह मुलांच्या संगणकवर्गास खुले राहील. दोहोंचे मसुदे आमच्याकडे तयार आहेत. जी समिती मागेल, तिला ते विनामूल्य देऊ.