अनोळखी फाइलची हमी कोणी द्यावी?

बाजारात तांदूळ घेणारा मनुष्य चार दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. कापड घेणारा ते बोटांत चुरगाळून पाहतो. संगणकावर नवा प्रोग्रॅम बसविण्यासाठी जी फाइल उतरवून घ्यावी लागते, जिला इन्स्टॉलर म्हणतात, तिच्या बाबतीत यातले काहीच करता येत नाही. निर्मळ फाइल आणि घातक फाइल पडद्यावर सारख्याच दिसतात; तेच नाव, तेच चित्र. आत काय आहे हे ती चालविल्याशिवाय कळत नाही, आणि चालविल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. कारण 'या प्रोग्रॅमला संगणकात बदल करू द्यायचे काय?' या प्रश्नाला एकदा 'हो' म्हटले की घराच्या सगळ्या किल्ल्या पाहुण्याच्या हाती गेलेल्या असतात.

विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि गिऱ्हाइकाला नाहीत, अशा बाजाराचे काय होते याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. चांगली आणि खराब मोटार ओळखू येत नसल्यामुळे दोहोंना एकच भाव मिळतो, चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून अंग काढून घेतात आणि खराब माल तेवढा उरतो. या कार्याबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इन्स्टॉलरचा बाजार याहून बिकट आहे. जुन्या मोटारीचा विक्रेता निदान समोर उभा असतो, आणि संशयास्पद स्वस्ताई पाहून गिऱ्हाइक सावध तरी होते. येथे खऱ्याचीही किंमत पुष्कळदा शून्य असते आणि खोट्याचीही शून्यच.

एखाद्या शाळेच्या कार्यालयातील लिपिकाचे उदाहरण घ्यावे. त्याला मराठी टंकलेखनाची सोय हवी आहे. गूगलचे विंडोजसाठीचे 'इनपुट टूल्स' सहकाऱ्यांकडून त्याने ऐकलेले असते. गूगलने ते देणे केव्हाच बंद केले. परंतु त्या नावाच्या फाइली कोणाकोणाच्या संकेतस्थळांवर अद्याप मिळतात. त्या कोणी ठेवल्या, मूळच्या आहेत की मध्ये कोणाचा हात लागला आहे, हे सांगणारे कोणी नाही. पानावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार बटणे असतात आणि त्यांतले सर्वांत मोठे बहुधा जाहिरातीचे असते. शोधयंत्राने वर दाखविलेला पहिला दुवा हाच खरा, हा समजही धोक्याचा आहे. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावांची नक्कल करून गुन्हेगार शोधयंत्रांवर जाहिराती विकत घेत आहेत, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. गंमत अशी की या लिपिकाला बाहेरची फाइल लागतच नाही. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये फार वर्षांपासून आहे आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणारा कळफलकही २०१९ पासून विंडोज १० मध्ये आला आहे. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तथापि काही फाइली बाहेरूनच आणाव्या लागतात. अशा वेळी काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे नावाचे शेपूट. विंडोज ते एरवी लपवून ठेवते, त्यामुळे 'वेतनबिल.पीडीएफ' असे दिसणारे वस्तुतः 'वेतनबिल.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते, म्हणजे कागद नसून चालणारा प्रोग्रॅम. भ्रमणध्वनीवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलींची जातकुळी हीच. पत्रिकेला बसवून घ्यावे लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी अनेकांची बँकेतील शिल्लक वाचेल.

दुसरी गोष्ट डिजिटल स्वाक्षरीची. फाइलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की स्वाक्षरी असल्यास तेथे स्वाक्षरीकर्त्याचे नाव दिसते. व्हीएलसी या चित्रफिती दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरवर व्हिडिओलॅन या संस्थेचे नाव हवे. तेथे भलतेच नाव असेल किंवा काहीच नसेल तर फाइल बाजूला ठेवावी. अर्थात स्वाक्षरीचा अर्थ मर्यादित आहे. फाइल अमुक नावाने सही झालेली आहे आणि सहीनंतर तिच्यात बदल झालेला नाही, इतकेच ती सांगते. सही करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, असे ती सांगत नाही. उलट स्वाक्षरीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते, आणि एखाद्या विद्यार्थ्याने हौसेने लिहिलेला प्रामाणिक प्रोग्रॅम त्या खर्चाअभावी विनास्वाक्षरीच राहतो. मग विंडोज त्याच्याविरुद्ध भीती घालते. पैसेवाल्याला पत आणि गरिबाला जामीन, हा जुना न्याय येथेही चालतो.

तिसरी कसोटी ठशाची. फाइलमधील सर्व मजकुरावर गणिती प्रक्रिया करून चौसष्ट अक्षर-अंकांचा एक ठसा काढता येतो. त्याला एसएचए-२५६ म्हणतात. मूळ फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. निर्मात्याने जाहीर केलेला ठसा आणि हाती आलेल्या फाइलचा ठसा जुळला तर वाटेत कोणी ढवळाढवळ केलेली नाही असे समजावे. तो काढण्याची 'सर्टयुटिल' नावाची सोय विंडोजमध्ये असतेच. परंतु ज्या संकेतस्थळावर फाइल, त्याच पानावर ठसाही छापलेला असेल, तर तेथे शिरलेला चोर दोन्ही बदलू शकतो. ठसा वेगळ्या वाटेने यावा लागतो. हा मुद्दा तांत्रिक वाटला तरी पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

याखेरीज व्हायरसटोटल ही सेवा आहे. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलेली ही सेवा एकच फाइल कित्येक व्हायरसरोधक प्रोग्रॅमांकडून एकदम तपासून घेते. ती वापरावी, पण नव्याने रचलेले विष प्रारंभी कोणीच ओळखत नाही, आणि तेथे चढविलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून कार्यालयाचे गोपनीय कागद तेथे तपासायला देऊ नयेत. फुकटात मिळविलेल्या 'क्रॅक' प्रतींबद्दल तर तपासण्याचे कारणच नाही. बसविण्यापूर्वी व्हायरसरोधक बंद करा, अशी सूचना त्यांच्यासोबत बहुधा असते. पहारेकऱ्याला आधी रजेवर पाठवा म्हणणाऱ्या पाहुण्याला कोणी घरात घेईल काय? तरीही ज्या कार्यालयांत एक-एक रुपयाची पावती मागितली जाते, तेथेही अशा प्रती बिनदिक्कत चालतात.

एवढे सगळे केले म्हणजे भागले काय? सीसीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रॅमची २०१७ मधील हकिगत बोलकी आहे. त्याची एक आवृत्ती निर्मात्याच्याच संकेतस्थळावर, निर्मात्याच्याच खऱ्या स्वाक्षरीसह, जवळजवळ महिनाभर विषारी स्वरूपात वाटली गेली, कारण घुसखोर कंपनीच्या कारखान्यातच शिरले होते. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली. त्या लोकांनी कोणती चूक केली होती? योग्य ठिकाणाहून, योग्य सही पाहून फाइल घेतली होती! युनिक्सचे एक जनक केन टॉमसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हेच दाखवून दिले होते. मूळ लिखाण ओळीनओळ वाचले तरी ज्या साधनाने ते यंत्राच्या भाषेत उतरते त्यातच कपट दडलेले असू शकते; तेव्हा अखेर प्रश्न माणसांवरील विश्वासाचा उरतो.

आणि नुकसान केवळ फाइल घेणाऱ्याचे होत नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीतून 'नॉटपेट्या' पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्याच अंदाजाप्रमाणे तिचे २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले. त्या उद्योगसमूहाचे एक टर्मिनल मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरात असल्यामुळे तेथील कामही विस्कळीत झाले. युक्रेनमधील कर भरण्याशी उरणच्या मालवाहू चालकाचा काय संबंध होता? अर्थशास्त्रात ज्यांना बाह्य परिणाम म्हणतात त्यांचे याहून ढळढळीत उदाहरण क्वचितच मिळेल. ज्याच्या हलगर्जीपणाची किंमत दुसरा मोजतो, त्याला काळजी घेण्याची निकड वाटत नाही.

म्हणूनच 'वापरणाऱ्याने सावध राहावे' हा उपदेश अपुरा आहे. प्रोग्रॅम बसविताना जो लांबलचक करार न वाचताच मान्य केला जातो, त्यात माल 'आहे तसा' दिला असून नुकसानीची जबाबदारी निर्मात्यावर नाही, असे बहुधा लिहिलेले असते. तांदळाच्या पोत्यावर असे छापलेले कोणी सहन केले असते काय? शेतमालाच्या प्रतवारीसाठी या देशात १९३७ सालीच ॲगमार्कचा कायदा झाला. सोन्याच्या दागिन्यावर २०२१ पासून सहा अक्षर-अंकांची खूण आली आणि ती कोणाही गिऱ्हाइकाला पडताळता येते. सराफाने सोन्याचा कस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर सोपवून चालत नाही, हे समाजाने मान्य केले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र सर्वांत कमी माहिती असलेल्यावर सर्वांत अधिक भार टाकलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याला जबाबदार धरण्याचे प्रकरण आले खरे; पण त्यातील व्याख्या वायुरूप, द्रव वा घन अवस्थेतील वस्तूंची आहे, आणि त्या कायद्याचा ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. फुकट फाइल घेणारा त्यात बसणे कठीण. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या निर्देशात सॉफ्टवेअर हे उत्पादनच आहे असे स्पष्ट शब्दांत म्हटले असून ते आपापल्या कायद्यांत आणण्यासाठी सदस्य देशांना डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे. व्यापारी हेतूशिवाय लिहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरला त्यातून वगळले आहे, हेही योग्यच. हौशी विद्यार्थ्याला न्यायालयात खेचून काही साधणार नाही.

असा कायदा येथे होण्यास वेळ लागेल. पण एक गोष्ट कायद्यावाचून करता येण्याजोगी आहे. महाराष्ट्र शासनाचा प्रत्येक निर्णय हाती पडतो तेव्हा त्याच्या अखेरीस त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे वाक्य असते. शिक्षक-लिपिकांना ते तोंडपाठ आहे. जो विभाग एखादा प्रोग्रॅम बसवून घेण्याचा आदेश काढतो, त्याने त्या फाइलवर स्वाक्षरी करावी आणि तिचा चौसष्ट अक्षर-अंकांचा ठसा त्याच परिपत्रकात संकेतांकाखाली छापावा. परिपत्रक कागदावर येते, फाइल संकेतस्थळावरून. दोन वाटा आपोआप वेगळ्या होतात. जास्तीचा खर्च एका ओळीच्या शाईचा.