पॉवर टाकू का, साहेब? — नको. आणि का नको ते नीट वाचा

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे. टिटवाळ्यातून गोवेली मार्गे नाहीतर मोहने-आंबिवलीवरून शहाडला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलात की वाचा, वेळ भरपूर मिळेल. (गाडी चालवत नसाल तरच.)

परवा पंपावर माझ्या पुढे एक पोरगा होता. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मागे मोठा एक्झॉस्ट, काचेवर बाप्पा. कर्मचाऱ्याने विचारलं, "पॉवर टाकू का?" पोरगा म्हणाला, "टाका, ॲव्हरेज वाढतं." मागच्या ॲक्टिवावाल्या काकांनीही ते ऐकून तेच भरलं. लिटरमागे जादा पैसे, आणि हातात काय? काकांच्या बाबतीत, शून्य.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली, स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेट घेऊ नये म्हणून त्यात जी सहनशक्ती असते, तिचा तो आकडा. ती कमी पडली की इंजिन आतून ठोकायला लागतं. जुने मेकॅनिक कानाने ओळखायचे. आताच्या गाडीत नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू स्पार्कची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचतं, पण जोर आणि ॲव्हरेज दोन्ही थोडे घसरतात. म्हणजे ज्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर 95 लिहिलंय आणि आजवर 91 पीत होती, तिला 95 ने फरक पडू शकतो. ज्या इंजिनाला 91 पुरतं, त्यात 100 ओता नाहीतर गंगाजल घातलेलं पेट्रोल ओता, काकांची ॲक्टिवा तेवढीच धावणार.

आता खरी गंमत. पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की ई-20 पेट्रोलचा ऑक्टेन 95 आहे, पूर्वी 91 होता. इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. मग साध्या नळीतूनच 95 येत असेल तर शेजारच्या 95 वाल्या नळीचे जादा पैसे कशाचे? इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे असतील. घ्या की, पण तसं सांगून विका. 'ॲव्हरेज वाढतं' म्हणून नको. आणि प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, हाही गैरसमज काढून टाका.

पण पंपावरचा पोरगा हा लहान मासा आहे. माझं भांडण वर आहे.

ऑक्टेन वाढला, पण ऊर्जा घटली. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. हिशेब शाळेतला आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-20 मध्ये ऊर्जा सुमारे 7 टक्के कमी, ई-10 च्या तुलनेत साडेतीन टक्के. चढलेल्या ऑक्टेनचा फायदा उचलून ही तूट बरीचशी भरता येते, पण त्यासाठी इंजिनच तसं हवं, कॉम्प्रेशन जास्त, स्पार्क पुढे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलंय की ई-10 साठी बनवून ई-20 साठी ट्यून केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज 1 ते 2 टक्के पडेल, आणि मूळ बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या, ई-10 वर जुळवलेल्या चारचाकीचं 6 ते 7 टक्के. अशाच दुचाकीचं 3 ते 4 टक्के. त्याच आराखड्यात ई-20 साठी ट्यून केलेली इंजिनं एप्रिल 2025 पासून यायची होती. पेट्रोल मात्र 2030 चं लक्ष्य अलीकडे ओढून आधीच आलं. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तूट सोसणाऱ्या, फायदा उचलणाऱ्या थोड्या.

माझी 2018 ची टर्बो पेट्रोल आहे. टाकी फुल ते टाकी फुल, डायरी ठेवतो. 2021-22 ची सरासरी 15.2, गेल्या वर्षभराची 14.4. यातला काही वाटा दुर्गाडी पुलावरच्या रांगेचा आहे, सगळं पाप इथेनॉलच्या माथी मारणार नाही. पण नुसते साडेतीन टक्के धरले तरी महिन्याच्या शंभर लिटरमागे साडेतीन लिटर हवेत. वर्षाला चार हजारांच्या वर. लोकल सोडून ठाण्याला गाडी नेतो हे माझे लाड आहेत, मला परवडतं. दिवसभर बाईकवर पार्सलं पोचवणाऱ्या पोराला विचारा त्याचं काय होतं.

"शेतकरी-विरोधी आहेस का?" नाही हो. ऊस आपला, मळी आपली, कारखाने आपले. परकीय चलन वाचतं तेही खरं. सरकार म्हणतं इथेनॉल स्वस्त नाही, 2024-25 च्या हंगामात सरासरी 71 रुपये 32 पैशांना पडलं. मान्य. पण नीती आयोगानेच सुचवलं होतं की ऊर्जा कमी म्हणून अशा इंधनाचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवा, आणि जुन्या गाड्यांसाठी ई-10 पंपावर राहू द्या. मिश्रण घेतलं, ही दोन वाक्यं गाळली. देशाचा फायदा असेल तर खर्च देशाने उचलावा, जुनी गाडी असलेल्याने एकट्याने का? बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. म्हणून मागणी करायचीच नाही असं थोडंच आहे? दर तर सरकारच्या हातातला विषय आहे.

व्हॉट्सॲपवर 'इंजिन फुटतं' म्हणून ओरडणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. तुमच्या असल्या फॉरवर्डमुळे खरी तक्रार हसण्यावारी जाते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलं तपासून घ्या, एवढं पुरे.

आणि कल्याण-मुरबाड रोडवर रात्री फटाके वाजवत जाणाऱ्या स्टेज वन मंडळींनो, तो रिमॅप ॲव्हरेजसाठी नसतो. बूस्ट वाढवलं की पेट्रोलही वाढतं. फटाका वाजतो ते पेट्रोल चाकाला न लागता सायलेन्सरमध्ये जळतं. हळू चालवलंत तर एखादा किलोमीटर मिळेलही, पण त्यासाठी कोण रिमॅप करतं? वॉरंटी जाते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. ज्याला हौस आहे त्याने करावी, पण घरी आईला 'ॲव्हरेज वाढवायला केलं' असं सांगू नका.

खाली आपापले आकडे टाका. गाडी, वर्ष, टाकी ते टाकी किलोमीटर आणि लिटर. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा नको, तो नेहमी गोड बोलतो. पन्नासेक नोंदी जमल्या की तक्ता करून खासदारांच्या कार्यालयात नेऊन देतो, पोचपावतीचा फोटो इथेच टाकीन.

माझी पहिली नोंद: 2018, 412 किमी, 28.9 लिटर.